आधी काढायला शिक : कॉन्टॅक्ट लेन्सच्या इतिहासाची दुसरी बाजू

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. रहाड म्हणजे चौकाच्या मधोमध जमिनीखाली बांधलेला हौद. वर्षभर तो फळ्या टाकून, वर माती पसरून बुजवलेला असतो. वरून माणसं जातात, गाड्या जातात, खाली हौद आहे हे परक्याला कळतही नाही. रंगपंचमीच्या आधी तो खणून उघडतात, साफ करतात, पाण्यानं भरतात, फुलांचा रंग उकळून त्यात ओततात, पूजा करतात. मग दुपारपासून त्यात उड्या पडू लागतात. त्या उडीला आमच्याकडे ‘धप्पा’ म्हणतात. पेशवाईच्या काळापासून चालत आलेली ही रीत शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा भागांत अजून टिकून आहे.

१९९६ सालच्या रंगपंचमीला अशाच एका रहाडीत मी धप्पा मारला. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि दोन्ही डोळ्यांत नव्या कोऱ्या सॉफ्ट लेन्स होत्या. चष्म्याचा नंबर उणे सहाच्या पुढे. चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे रंगाचा एक डाग. लेन्स घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्या काळी एक जोडी वर्षभर पुरवायची असायची आणि घरातलं बजेट बघता ती जिवापाड जपायची वस्तू होती. उडी मारताना डोळे घट्ट मिटले तर लेन्स वाहून जाणार नाही, एवढाच विचार मी केला होता. लेन्स वाहून गेली नाही. झालं ते उलटंच.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो तर डाव्या डोळ्यातली लेन्स पिवळसर झालेली आणि बुबुळाला चिकटून बसलेली. डोळा चुरचुरत होता. उजवी कशीबशी निघाली, डावी निघेना. दुकानात मला लेन्स घालायला तासभर शिकवलं होतं. काढायचं कसं, हे शेवटच्या दोन मिनिटांत, गिऱ्हाईक उठता उठता सांगितलं होतं. मी घाबरलो आणि कोरड्या बोटांनी चिमटा घेऊन ओढलं. लेन्स निघाली, अर्धी फाटून. तिच्याबरोबर बुबुळावरच्या नाजूक थराचा एक तुकडाही निघाला होता, हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. जखमेत जंतू गेले. तासातासाला थेंब, रात्री गजर लावून थेंब, असे दहा दिवस गेले. डोळा वाचला, पण बुबुळाच्या कडेला एक पांढुरका ठिपका कायमचा राहिला. आपल्याकडे त्याला ‘फूल पडणं’ म्हणतात. इतक्या दुखऱ्या गोष्टीला इतकं सुंदर नाव कुणी दिलं असेल, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, “अभिमन्यू झाला तुझा. आत शिरायचं कळलं, बाहेर पडायचं नाही.”

तिचं ते वाक्य डोक्यात राहिलं. पुढे विज्ञानाच्या इतिहासाची गोडी लागली तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल मिळेल ते वाचू लागलो. बहुतेक ठिकाणी गोष्ट एकाच अंगानं सांगितलेली होती : डोळ्यावर काच ठेवण्याची कल्पना कुणाला सुचली, ती कुणी बनवली, कुणी घातली. ती काढली कशी, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मला मात्र तोच प्रश्न आधी पडतो. त्या अंगानं पाहिलं तर हा इतिहास वेगळाच दिसू लागतो, आणि त्याची सुरुवात युरोपात करण्याचं कारणही उरत नाही.

कुसळ काढण्याचं शास्त्र

डोळ्यात गेलेलं काढणं ही माणसाची फार जुनी गरज. शेतीच्या देशात तर रोजची. मळणीच्या दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात कुसळ जायचंच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण काही हवेतून आलेली नाही. माझी आजी निफाडकडची. तिच्याकडे यावर ठरलेला क्रम होता. आधी डोळा चोळू द्यायची नाही, हात धरून ठेवायची. मग “रड जरा” म्हणायची. नाही निघालं तर पाण्याचा हबका. तरी नाही, तर पापणी उचलून फुंकर. आणि शेवटी पदराच्या टोकाची बारीक वळी करून तिनं ते अलगद टिपायचं.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला २७वा अध्याय वाचला तेव्हा आजीचा हा क्रम मला तिथे भेटला. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला सुश्रुत ‘शल्य’ म्हणतो आणि ते बाहेर काढण्याचे १५ उपाय मोजतो : स्वभाव, पाचन, भेदन, दारण, पीडन, प्रमार्जन, निर्ध्मापन, वमन, विरेचन, प्रक्षालन, प्रतिमर्श, प्रवाहण, आचूषण, अयस्कांत आणि हर्ष. यादीत पहिला मान शस्त्राला नाही, स्वभावाला आहे. म्हणजे अश्रू, शिंक, खोकला. शरीर स्वतःहून बाहेर टाकत असेल तर त्याला टाकू द्यावं. डोळ्यात अडकलेल्या बारीक गोष्टींसाठी तो पाणी शिंपडणं आणि फुंकर सांगतो. केसानं, कापडानं, हातानं पुसून काढणं सांगतो.

यातल्या दोन शब्दांकडे वाचकांनी लक्ष ठेवावं. एक ‘स्वभाव’, म्हणजे अश्रूंना त्यांचं काम करू देणं. दुसरा ‘आचूषण’, म्हणजे चोखून, ओढून घेणं. पुढे दोन्ही पुन्हा भेटणार आहेत.

सुश्रुतापुढचा प्रश्न नको असताना आत गेलेल्या वस्तूचा होता. एकोणिसाव्या शतकात माणसानं पहिल्यांदा मुद्दाम, दृष्टी सुधारावी म्हणून डोळ्यात वस्तू ठेवली. आणि ती रोज काढायची होती.

काचेची वाटी

कल्पना त्याआधीची. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यानं १८४५ मध्ये लिहून ठेवलं होतं की बुबुळाचा पृष्ठभाग ओबडधोबड असेल तर त्यावर काचेची पातळ वाटी ठेवावी आणि मधे प्राणिज जेली भरावी. काच सोडून नुसती जेलीच ठेवता आली तर, असा विचार करायला पुढची शंभर वर्षं जावी लागली.

१८८७ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेन इथल्या म्युलर या काचेचे डोळे बनवणाऱ्या कारागिरांनी एका रुग्णासाठी काचेचं कवच फुंकून तयार केलं. त्या माणसाची पापणी कर्करोगामुळे गेली होती आणि उघडा पडलेला डोळा सुकत होता. हेतू संरक्षणाचा होता, नंबर घालवण्याचा नव्हे. १८८८ मध्ये झ्युरिकचे नेत्रवैद्य अडोल्फ फिक यांनी नजर सुधारण्यासाठी बनवलेल्या काचेच्या वाट्यांचा अहवाल छापला. त्यांनी त्या आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या आणि मग रुग्णांच्या डोळ्यांवर ठेवून पाहिल्या. काच आणि बुबुळ यांच्यामध्ये त्यांनी द्राक्षशर्करेचं दोन टक्क्यांचं द्रावण भरलं होतं. द्राक्षांच्या गावात राहणाऱ्या मला हे वाचून उगाचच बरं वाटलं.

ही वाटी बुबुळापुरती नव्हती. पांढऱ्या भागावर टेकेल इतकी मोठी, सुपारीच्या आकाराची. ती दोनेक तासांपलीकडे सहन होत नसे. डोळ्यापुढे धुकं येई, दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी दिसू लागत. याचं कारण लगेच कळलं नाही. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात, रक्तवाहिन्या नसतात. रक्त असतं तर तो पारदर्शक राहिला नसता. त्याला लागणारा प्राणवायू तो मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो. हे प्रयोगानं स्पष्ट दाखवलं गेलं ते १९५२ मध्ये, स्मेल्सर आणि ओझानिक्स या अमेरिकी संशोधकांकडून. म्हणजे ६० वर्षांहून अधिक काळ लोक डोळ्याचा श्वास कोंडत होते आणि डोळा का कुरकुरतो ते शोधत होते.

आता काढण्याकडे येतो. कील विद्यापीठातला विद्यार्थी ऑगस्ट म्युलर याचा स्वतःचा नंबर उणे १४ होता. त्यानं स्वतःसाठी काचेच्या लेन्स करवून घेतल्या आणि १८८९ मध्ये त्यावरच प्रबंध लिहिला. बुडबुडे राहू नयेत म्हणून तो लेन्स पाण्याखाली डोळ्यात बसवत असे. वेदना कमी व्हाव्यात म्हणून डोळ्यात कोकेन घालत असे. डोळा बधिर करायला कोकेनचा वापर पाचच वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी दाखवून दिला होता. एवढं करून म्युलरला ती अर्धा तासच सहन झाली. पुढे तो डोळे सोडून हाडांच्या वैद्यकाकडे वळला.

असली वाटी काढायची म्हणजे ती डोळ्याला धरून ठेवणारी पकड मोडावी लागते. तिची कड पापणीनं उचलायची, फटीतून हवा किंवा अश्रू आत जाऊ द्यायचे, की ती सुटते. त्यासाठी रबरी फुगा असलेली छोटी चोखणी वापरात आली. ती काचेला लावायची, फुगा सोडायचा आणि लेन्स तिरकी करून अलगद उचलायची. हेच सुश्रुताचं आचूषण. मोठ्या आकाराच्या कडक लेन्स आजही काही रुग्णांना दिल्या जातात, आणि त्या काढायला अशीच रबरी चोखणी वापरतात.

मग बाकीचं जग काय करत होतं? चष्मा लावत होतं. नाशिकचं उदाहरण घ्यायचं तर त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं घ्यावं लागेल. १९११ मध्ये मुंबईत ‘ख्रिस्ताचं जीवन’ हा चित्रपट पाहून त्यांना चित्रपटाचं वेड लागलं. दिवसेंदिवस चित्रपट पाहणं, प्रयोग करणं आणि अपुरी झोप यांमुळे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीनं ती परत आली. पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झाला आणि त्यानंतर त्यांनी आपलं काम नाशकात आणलं. भारतीय चित्रपटाचा जन्म असा चष्म्यांच्या आधारानं झाला. काचेच्या लेन्सना तेव्हा २० वर्षं उलटून गेली होती, पण त्या प्रयोगशाळेबाहेर फारशा आल्याच नव्हत्या. घालता येते पण सुखानं ठेवता येत नाही आणि सहज काढता येत नाही, अशी वस्तू बाजारात चालत नाही.

“कुणी हलू नका!”

१९३०च्या दशकात काचेच्या जोडीला प्लॅस्टिक आलं. १९४८ मध्ये अमेरिकेत केव्हिन टुओही यानं फक्त बुबुळावर बसणारी छोटी प्लॅस्टिकची लेन्स पुढे आणली. मोठ्या लेन्सची बाहेरची कड तासताना तुटली आणि उरलेला मधला भाग त्यानं स्वतःच्या डोळ्यावर ठेवून पाहिला, अशी हकिकत सांगतात.

ही कडक लेन्स काढण्याची रीत मोठी गमतीची होती. मान खाली घालायची, डोळा मोठा करायचा, बाहेरचा कोपरा बोटानं कानाकडे ताणायचा आणि पापणी मिटायची. पापणीची कड लेन्सखाली शिरायची आणि लेन्स टपकन तळहातावर पडायची. बोट डोळ्याला लावायचंच नाही. पापणीच्याच हालचालीनं ती बाहेर टाकायची, म्हणजे सुश्रुताच्या स्वभावाच्या जवळ जाणारी ही पद्धत. तोटा एकच : ती नको तेव्हाही टपकन पडायची. लग्नाच्या मांडवात, एसटीत, सिनेमाच्या अंधारात “लेन्स पडली, कुणी हलू नका!” म्हणून ओणवे होऊन जमीन चाचपणारे लोक माझ्या पिढीनं पाहिले आहेत.

नाताळातला मेकॅनो

हर्शेलच्या जेलीचं काम अखेर प्रागमध्ये झालं. ओटो विख्टरले हे चेक रसायनशास्त्रज्ञ. १९५२ मध्ये आगगाडीत त्यांच्या शेजारचा प्रवासी डोळ्यात बसवायच्या धातूच्या वस्तूंविषयी लेख वाचत होता. विख्टरले म्हणाले, धातूपेक्षा शरीराला मानवेल असं प्लॅस्टिक बनवता येईल. आपले सहकारी ड्राहोस्लाव्ह लिम यांच्यासह त्यांनी पाणी शोषून मऊ होणारं एक बहुलक तयार केलं. १९६० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावर टिपण आलं. कोरडं असताना कडक, काचेसारखं. पाण्यात टाकलं की वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी पिऊन मऊ, पारदर्शक.

पदार्थ होता, पण त्याच्या लेन्स नीट बनत नव्हत्या. साच्यातून काढताना कडा फाटत. संस्थेत काम थांबवलं गेलं तेव्हा विख्टरले यांनी १९६१च्या नाताळात घरच्या टेबलावर मुलांच्या मेर्कुर नावाच्या खेळण्यातून, म्हणजे आपल्या मेकॅनोसारख्या संचातून, एक यंत्र जोडलं. त्याला मुलाच्या सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर लावला. फिरत्या साच्यात द्रवाचा थेंब टाकला की तो फिरता फिरता कडेकडे पसरून लेन्सचा आकार घेई. पहिल्या चार लेन्स अशा निघाल्या. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं घरीच ५,००० हून अधिक लेन्स बनवल्या. हक्क अमेरिकेत विकले गेले आणि मार्च १९७१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं बॉश अँड लाँबच्या सॉफ्ट लेन्सला परवानगी दिली.

इथे काढण्याची गोष्ट पुन्हा बदलली. सॉफ्ट लेन्स मोठी असते, साधारण १४ मिलिमीटर. ती बुबुळ झाकून पांढऱ्या भागावर थोडी टेकते आणि अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत राहते. पापणीच्या झटक्यानं ती पडत नाही. वाकते आणि पुन्हा बसते. म्हणजे तिच्यासाठी बोट डोळ्याला लावणं आलं. काचेच्या काळात जे साधनानं आणि कडक लेन्सच्या काळात जे पापणीनं होत होतं, ते आता दोन बोटांच्या कौशल्यावर आलं.

माझ्या त्या रंगपंचमीचं कोडं मला इथेच सुटलं. सॉफ्ट लेन्स अश्रूंइतक्या खारटपणाच्या पाण्यात नीट राहते. साध्या, बिनखारट पाण्यात ती गेली की पाणी शोषते, तिचा आकार बिघडतो आणि ती बुबुळाला घट्ट धरते. रहाडीत, नदीत, पोहण्याच्या तलावात, शॉवरखाली हेच होतं. तिला सोडवायला बळ लागत नाही, वेळ लागतो. दुकानात मिळणारं निर्जंतुक खारं द्रावण किंवा डोळा ओला ठेवणारे थेंब घालायचे, डोळा मिटून थांबायचं, पापण्या मिटवत राहायच्या. अश्रू आपला खारटपणा परत देतात आणि लेन्स हलू लागते. शेवटी स्वभावच कामाला येतो. मी दहा मिनिटं थांबलो असतो तर फूल पडलं नसतं.

बोटांचं व्याकरण

शोधलेखात असं सांगणं कुणाला विचित्र वाटेल, पण इतक्या वर्षांच्या चुकांतून जी रीत घडली ती इथे लिहून ठेवणं मला इतिहासाचाच भाग वाटतो.

हात साबणानं धुवायचे, नीट खळबळायचे आणि सुती धागे न सुटणाऱ्या कापडानं कोरडे पुसायचे. मिसळ खाल्लेल्या किंवा मिरच्या चिरलेल्या हातांना एका धुण्यावर भरवसा ठेवू नये. हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. आरशासमोर बसायचं, खाली स्वच्छ कापड पसरायचं. रोज एकाच डोळ्यापासून सुरुवात करायची, म्हणजे डावी-उजवीची अदलाबदल होत नाही.

आधी लेन्स हलते आहे का ते बघायचं. पापणी मिटवल्यावर ती जराशी सरकत असेल तर ठीक. नसेल तर थेंब आणि धीर. मग वर बघायचं, मधल्या बोटानं खालची पापणी ओढायची, तर्जनीचं टोक लेन्सच्या खालच्या कडेला लावून तिला खाली, पांढऱ्या भागावर सरकवायचं. हे सरकवणं महत्त्वाचं. बुबुळावरचा वरचा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा पातळ असतो आणि शरीरातल्या सर्वांत संवेदनशील जागांपैकी ती एक आहे. चिमटा घ्यायचा तर तिथे नाही, पांढऱ्यावर. शिवाय सरकताना लेन्सची पकडही सुटते. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या गादीनं, नखानं नव्हे, ती हलकेच दुमडून उचलायची.

लेन्स दिसेनाशी झाली तर लोक घाबरतात की ती डोळ्यामागे, मेंदूकडे गेली. ती तिथे जाऊ शकत नाही. पापणीच्या आतलं पातळ अस्तर मागे जाऊन वळतं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर परत येतं. तो बंद खिसा आहे. त्या खिशात मात्र ती दडून बसू शकते. थेंब घालून, पापणी उचलून, लेन्स दडली असेल त्याच्या विरुद्ध दिशेला बघितलं की ती बहुधा सापडते. नाही सापडली, किंवा फाटून तुकडा आत राहिल्याची शंका आली, तर डॉक्टरांकडे जावं. ‘निघून गेली असेल’ असं गृहीत धरू नये. इंग्लंडमध्ये एका ६७ वर्षांच्या बाईंच्या डोळ्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी १७ लेन्सचा एक गोळा आणि नंतर आणखी १० अशा २७ लेन्स सापडल्या. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं ही हकिकत छापली. ३५ वर्षं त्या लेन्स वापरत होत्या. डोळा खुपतो तो वयामुळे, असं त्यांना वाटत होतं.

सोपेपणाची किंमत

काचेच्या काळी लेन्स काढायची विसरणं अशक्य होतं. डोळाच आठवण करून द्यायचा. सॉफ्ट लेन्सनं ती आठवण पुसून टाकली. ती इतकी सुखाची झाली की लोक ती घालून झोपू लागले. १९८९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या पाहणीनुसार रोज काढायच्या सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्यांत दर १०,००० माणसांमागे वर्षाला सुमारे ४ जणांच्या बुबुळाला व्रण होत होता, रात्रंदिवस ठेवायच्या लेन्स वापरणाऱ्यांत सुमारे २१ जणांच्या. म्हणजे पाचपट.

दुसरी किंमत पाण्याची. सुरुवातीच्या सॉफ्ट लेन्स रोज मिठाच्या पाण्यात उकळाव्या लागत आणि ते पाणी अनेक जण घरीच मिठाच्या गोळ्या विरघळवून बनवत. १९८०च्या दशकात अमेरिकेत अकँथमीबा या एकपेशीय जीवाच्या संसर्गाचे रुग्ण वाढले, तेव्हा धागा या घरगुती मिठाच्या पाण्यापर्यंत पोचला. हा जीव माती आणि पाण्यात सर्वत्र असतो. एरवी तो निरुपद्रवी, पण बुबुळावर बारीक ओरखडा आणि त्यावर ओली लेन्स मिळाली की तो तिथे ठाण मांडतो. वेदना भयंकर, उपचार महिनोन्‌महिने. २००६ मध्ये फ्युझेरियम बुरशीच्या साथीनंतर बॉश अँड लाँबला लेन्सचं एक द्रावण जगभरातून मागे घ्यावं लागलं.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे आणि म्हणूनच ते बघायला हवं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणच्या अभ्यासांत अकँथमीबाचे बहुतेक भारतीय रुग्ण लेन्स न वापरणारे निघाले. शेतातली इजा, धूळ आणि दूषित पाणी ही त्यांची कारणं. याचा अर्थ लेन्स निर्धोक आहे असा नाही. याचा अर्थ असा की आपल्या पाण्यात आणि मातीत हा जीव आधीपासून डोळ्यांची वाट बघत आहे. लेन्स घालून पाण्यात उतरणारा त्याचं काम सोपं करतो.

नाशकात हे मुद्दाम सांगायला हवं. आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात आणि गोदाघाटावर जाण्याला ‘गंगेवर जाणं’. २०१५च्या सिंहस्थात रामकुंडावर लोटलेली गर्दी मी पाहिली आहे. २०२७ मध्ये ती पुन्हा लोटेल. त्या गर्दीत डोळ्यांत लेन्स घातलेली तरुण मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असतील. त्यांनी स्नान करू नये असं मी म्हणत नाही. डुबकीआधी लेन्स काढून डबीत ठेवाव्यात, एवढंच. लेन्स असताना पाण्यात जाणं झालंच तर थेंब घालून, थांबून, ती हलू लागल्यावर काढावी. रोज फेकायची असेल तर फेकावी, नसेल तर ताज्या द्रावणात चोळून, धुऊन, भिजत ठेवावी. नळाचं पाणी नाही, तीर्थ नाही, थुंकी तर नाहीच. डबी रोज रिकामी करून वाळवावी आणि तीन महिन्यांत बदलावी. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं. लेन्स आणि डबी बरोबर न्यावी, जंतू कुठला ते शोधायला उपयोग होतो.

माझ्या पुतण्यानं गेल्या वर्षी लेन्स घेतल्या. दुकानातून आल्याबरोबर घालून दाखवायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. “काका, घालू तर द्या,” तो म्हणाला. मी म्हटलं, घाल, पण आजच्या आज माझ्यासमोर पाच वेळा काढून दाखवायची. पहिल्यांदा पाऊण तास लागला. डोळ्यातून धारा लागल्या, आणि त्याच धारांमध्ये लेन्स सैल होऊन त्याच्या बोटांत आली. पाचव्या वेळी तो आरशाकडे न बघताही काढू शकला.

यंदाच्या रंगपंचमीला तो रहाडीवर निघाला. दाराशी थांबला, परत आत गेला, हात धुतले, लेन्स काढून डबीत ठेवल्या आणि चष्मा माझ्याकडे दिला. “काका, चौकापर्यंत हात धरा. मला काही दिसत नाही,” म्हणाला. चौकात रंग उकळल्याचा वास येत होता. रहाडीच्या काठापर्यंत मी त्याला धरून नेलं. त्यानं धप्पा मारला, मी त्याचा चष्मा वरच्या खिशात ठेवून काठावर उभा राहिलो.